तुम्ही विचारलंत म्हणून: रॉन्सनच्या टोनसाठी कोणता फझ?

डेव्हिड बोवीच्या 'झिगी स्टारडस्ट' अल्बममधला (१९७२) त्याचा गिटारवादक मिक रॉन्सन याचा टोन हवाय, कोणता फझ (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा पेडल) घेऊ? हा प्रश्न इतक्यांदा आलाय की एकदाच सविस्तर लिहितो. आजवर मी 'टोन बेंडर' (एक जुना फझ) एवढंच सांगत आलो. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं. त्या उत्तरावर कुणी पैसे घातले असतील, तर मला खरंच वाईट वाटतं.

लेस पॉल कस्टम गिटार, मार्शल मेजर अँप, टोन बेंडर फझ ही रॉन्सनच्या साहित्याची यादी तुम्हाला पाठ आहे. मेजर हा चार केटी८८ व्हॉल्व्हचा, २०० वॉटचा अँप. त्याचा आवाज सहजासहजी फाटत नाही. म्हणून घरच्या छोट्या अँपवर गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) चढवत गेलात, तर त्या टोनपासून लांबच जाल. गेन ४, बास ३, मिडल ७, ट्रेबल ५ इथून सुरुवात करा. पिकअप ब्रिजचा.

आता मुद्द्याचं. तो नाकातून आल्यासारखा, गाणाऱ्या माणसासारखा आवाज फझचा नाही, वॉचा आहे. वॉ चालू करायचा आणि पाय हलवायचा नाही, एका जागी थांबवायचा. वॉ म्हणजे पायाने पुढे-मागे करायच्या पेडलमधला एक फिल्टर, आवाजातल्या एका अरुंद पट्ट्याला उठाव देणारा. टाच दाबली की त्याचं शिखर ४०० हर्ट्झच्या आसपास असतं, पंजा दाबला की दोन किलोहर्ट्झच्या आसपास जातं. आपल्याला हवी ती जागा मधे कुठेतरी आहे, आणि सगळी अडचण त्या 'कुठेतरी'चीच.

जी तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे एक सूर ओढून धरा. पेडल टाचेकडून अगदी सावकाश पुढे न्या. आधी सूर कोंडलेला वाटेल. मग एका क्षणी त्याचं तोंड उघडल्यासारखं होईल, तिथेच थांबा. अजून थोडं पुढे गेलात की तो पातळ आणि कर्कश होतो. पेडल जरासं सरकलं तरी फरक पडतो, त्यामुळे अंदाजाने पाय ठेवून भागत नाही. पेडलच्या कडेला पांढऱ्या मार्करने खूण करा आणि खाली रबराचा तुकडा अडकवा. खूण नेहमीच्या आवाजाच्या पातळीवरच करा. हळू आवाजात निवडलेली जागा मोठ्या आवाजात बोचते. अँप बदलला की खूणही बदलेल. वॉ नसेल तर पॅरामेट्रिक इक्वलायझरवर ८०० हर्ट्झला १० डेसिबल चढवा, क्यू (उठाव किती अरुंद ते) ३ च्या आसपास. काम भागतं, फक्त खालचे सूर थोडे जड राहतात.

एवढं झाल्यावर फझ. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचाच हवा असा हट्ट असेल, तर विदर्भातला मे महिना लक्षात ठेवा. उष्णतेने जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती वाढते, बायस (ट्रान्झिस्टरची ठरवलेली विद्युत पातळी) सरकतो आणि सूर मधेच तुटायला लागतो. 'पेडल खराब निघाला' अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं. जुन्या पीएनपी (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) सर्किटात पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं धन टोक अर्थला जोडलेलं असतं. तो पेडल बाकीच्यांबरोबर एकाच अॅडॉप्टरच्या साखळीत जोडू नका, शॉर्ट होईल. त्याला वेगळी बॅटरी द्या. सिलिकॉनचा फझ तापमानाला बराच टिकतो. मी त्याला कमी लेखायचो, आता लेखत नाही.

वॉ आणि फझ यांच्या क्रमाबद्दल माझं अजून ठरलेलं नाही. वॉ आधी ठेवला तर फझचा कमी इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत रोध) त्याला ओढून धरतो. स्वीप (टाचेपासून पंजापर्यंत फिल्टर सरकण्याची व्याप्ती) आक्रसतो, कधी शिट्टी वाजते. मधे बफर (दोन पेडलांना एकमेकांपासून अलग ठेवणारं छोटं सर्किट) टाकला की बरं होतं. फझ आधी ठेवला तर तो गिटारला थेट जोडला जातो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज साफ करता येतो, पण मग वॉचं शिखर जास्तच टोकदार ऐकू येतं. सध्या मी फझ आधी ठेवतो आणि खूण थोडी टाचेकडे घेतो.