सिलेक्टर ‘ऑफ’वर होता

सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर म्हणून नऊ वर्षं काढल्यावर विजेच्या सुरक्षिततेच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला माझं नाव लागलं, तेव्हा मी वैतागलोच. वायरिंग इलेक्ट्रिशियनने बघायचं. आपण बटण दाबतो, रीडिंग लिहितो, पंप चोकअप झाला तर चिंध्या ओढून काढतो. त्यात शिकायचं काय?

सरांनी सुरुवातच तिथून केली. “चिंध्या काढताना पंप बंद कसा करता?”

“पंपाचा सिलेक्टर स्विच ऑफला टाकतो.”

“आणि दुसऱ्या कुणी तो फिरवला तर?”

मी गप्प बसलो. तसं घडलं होतं. मी हातमोजा बदलायला हात बाहेर काढला आणि तेवढ्यात समोर इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, गर्रकन फिरला. शिफ्टवर नव्याने आलेल्या माणसाला संपची, म्हणजे सांडपाणी साठतं त्या टाकीची, लेव्हल चढलेली दिसली, त्याने सिलेक्टर ऑटोवर टाकला. लेव्हल चढली की पंप सुरू करणारा फ्लोट तर आधीच वर होता. त्याला दोष देऊन काय करणार, मी खाली आहे हे त्याला कळणार कसं? वर्गात मी यातलं काही बोललो नाही, पण वही मात्र उघडली.

पहिल्या दिवशीचं एक गणित डोक्यातून जात नाही. शरीरातून १ मिलिअँपिअर गेला तर मुंग्या आल्यासारखं वाटतं. १०च्या पुढे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १००च्या घरात हृदयाची लय बिघडू शकते. कोरड्या कातडीचा रोध बराच असतो, पण ओल्या अंगाचा १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्ट भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. सरांनी फळ्यावर आकडा लिहिला आणि विचारलं, “तुमच्या प्लांटवर कोरडी जागा कुठे आहे?” कुणालाच सांगता येईना. गळती ओळखून सप्लाय तोडणारे ब्रेकर माणसांसाठी ३० मिलिअँपिअरचे का घेतात, हे तेव्हा उमगलं. त्यावरचं टेस्टचं बटण मी आजवर एकदाही दाबलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आमच्याच धंद्यातली. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड, तोच कुजलेल्या अंड्याच्या वासाचा, पॅनलमधल्या तांब्याला खातो. जोड काळे पडतात, ढिले होतात, तापतात. पॅनलचं दार उघडं टाकून जायची आमची सवय किती महागात पडू शकते हे त्या काळ्या टर्मिनलचा नमुना हातात घेतल्यावर पटलं. ट्रिप झालं की दोन-तीनदा रिसेट मारून बघायची सवयही तिथेच सुटली. मोटरवर जास्त भार आल्याने ओव्हरलोड ट्रिप झाला तर आधी कारण शोधायचं. ब्रेकर पडला असेल तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत हात लावायचा नाही. आणि ब्रेकर चालू करायचाच असेल तेव्हा दारासमोर न राहता बाजूला, तोंड फिरवून उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं, आणि मी त्यात नापास झालो.

काम साधं वाटलं. आयसोलेटर, म्हणजे पंपाचा सप्लाय तोडणारा स्विच, बंद केला, माझं कुलूप घातलं, नाव लिहिलेला टॅग लावला, किल्ली खिशात टाकली. स्टार्ट दाबून पाहिलं, मोटर हलली नाही. मग रबरी हातमोजे. आधी त्यांची मनगटाकडची कड गुंडाळून आत हवा कोंडायची नि कुठून सुटते का ते बघायचं, हे मी न विसरता केलं. मीटर लावला. तिन्ही फेज एकमेकांशी, मग प्रत्येक फेज अर्थशी. सगळीकडे शून्य. मी म्हणालो, “सप्लाय नाही.”

सरांनी तोच मीटर शेजारच्या चालू सॉकेटला लावला. तिथेही शून्य! मीटरची एक लीड त्यांनी आधीच आतून तोडून ठेवली होती. नियम असा: आधी चालू सप्लायवर मीटर तपासा, मग बंद केलेल्या जागी मोजा, मग पुन्हा चालू सप्लायवर. मी पहिली पायरी गाळली होती. सर रागावले नाहीत, उलट हसले, आणि ते जास्त लागलं. दुपारी पुन्हा परीक्षा दिली, या वेळी पास झालो. इलेक्ट्रिशियन झालो नाही. सप्लाय तोडणं, कुलूप लावणं नि मोजून खात्री करणं, एवढीच परवानगी मिळाली.

परतल्यावर तिसऱ्याच रात्री दोन नंबरचा पंप चोकअप झाला. तीन नंबर चालू करून मी दोनला कुलूप घातलं, कंट्रोल रूमला कळवलं. “लोटो-बिटो शिकून आलास वाटतं,” जोडीदार हसला. लोटो म्हणजे लॉकआउट-टॅगआउट, हेच कुलूप नि टॅग लावणं. दार उघडून मोजलं तर मेन टर्मिनलवर शून्य. पण फ्लोटच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट. पुन्हा मोजलं, तेवढेच. त्या फ्लोटचा कंट्रोल सप्लाय दुसऱ्याच पॅनलमधून आला होता, आणि आयसोलेटर बंद करून तो तुटत नव्हता. नऊ वर्षं मी त्याच वायरींशेजारून हात घालत आलो होतो.

दार लावलं, रजिस्टरमध्ये नोंद केली, इलेक्ट्रिशियनला निरोप ठेवला. तीन नंबर रात्रभर लेव्हल धरून होता, त्यामुळे घाई नव्हती. सकाळची शिफ्ट आली तरी इलेक्ट्रिशियनचा पत्ता नव्हता. पुढच्या ऑपरेटरने आपलं कुलूप लावलं, ते मी ओढून पाहिलं आणि मगच माझं काढलं. त्याला कुलूप शोधायलाच वीस मिनिटं लागली होती, त्यामुळे माझी नेहमीची बस चुकली.