आमची वाटचाल : बडोद्यात लॉन सांभाळायचा धंदा

आमची फर्म छोटीच आहे, बडोद्यात बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागा वर्षाच्या काँट्रॅक्टवर सांभाळतो, त्यात सगळ्यात मोठं काम लॉनचं. लोक विचारतात की माळीकामाची फर्म कशी काय झाली, तर सांगतो.

बाबा कमाटीबागेत माळी होते. कागदावर सयाजीबाग, सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये केलेली, पण जुना बडोदेकर कमाटीबागच म्हणतो. नोकरी संपली की सायकलला खुरपं आणि मोठी कात्री अडकवून अलकापुरीतल्या बंगल्यांवर जायचे. तेव्हा माळी म्हणजे महिन्याचा पगार, त्यात पाणी घालणं पण आलं, झाडून काढणं पण आलं आणि साहेबांनी सांगितलं तर गाडी पुसणं पण आलं. मी बी.कॉम. करून एका ऑफिसात अकाउंट्स बघत होतो, रविवारी बाबांबरोबर जायचो. मग गोत्री, वासणा-भायली त्या बाजूला धडाधड बंगल्यांच्या स्कीम उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला पुढे हिरवी लॉन पाहिजे, बाबांचा फोन थांबेना, तेव्हा मी नोकरी सोडली आणि एक सेकंडहँड मोव्हर घेतला. आई आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. शिकलेला मुलगा आणि खुरपं हातात, दांडिया बाजारातल्या नातेवाईकांना काय सांगायचं, हा तिचा प्रश्न होता.

पहिलं मोठं काम एका बिल्डरच्या स्कीमचं मिळालं आणि त्याचे अर्धे पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. तेव्हापासून ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मातीची गाडी सोसायटीच्या गेटमधून आत जात नाही, ओळखीचा असो नाहीतर जावई असो.

आमचा खरा धंदा पहिल्या व्हिजिटमध्येच होतो, गवत नंतर. ही व्हिजिट आम्ही फुकट करत नाही, थोडे पैसे घेतो आणि काम मिळालं तर बिलात वळते करतो. कारण तिथे नुसतं टेपने मोजून निघायचं नसतं. आधी ऊन बघायचं. सिलेक्शन वन म्हणजे आपल्या दूर्वेचीच जात, तिला दिवसाचे निदान सहा तास सरळ ऊन पाहिजे, आणि लोकांना लॉन हवी असते कंपाउंड वॉल आणि कडुनिंबाच्या मधल्या पट्ट्यात. तिथे ती पातळ पडणार, शेवाळ येणार, आणि शिव्या माळ्याला. दुसरं म्हणजे लोखंडी सळई. चार-पाच जागी सळई खुपसून बघतो, दोन इंचावर टण्ण वाजलं की समजायचं बिल्डरने खाली रोडे, सिमेंटचे गठ्ठे पुरून वर लाल मातीची पावडर लावलीय. अशा जागी कार्पेट, म्हणजे तयार गवताच्या गुंडाळ्या, अंथरून दिलं तर दिवाळीत फोटो छान येतील आणि एप्रिलमध्ये गोल गोल पिवळे चट्टे दिसतील, कारण मूळ खाली जाऊच शकत नाही. निदान आठ-नऊ इंच खोदून मलबा काढायला लागतो आणि त्याचा खर्च गवतापेक्षा जास्त येतो. हे ऐकून बरेच लोक दुसऱ्याला काम देतात. देऊ देत.

तिसरं पाणी. हजार चौरस फूट जागेला एक इंच पाणी म्हणजे साधारण 2360 लिटर, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला जातो तेव्हा आठवड्याला एवढं तर लागतंच, वर जास्तच. लॉन म्हणजे दुभती म्हैस आहे, आणायचा खर्च एकदाच, खाऊ घालायचा खर्च रोजचा. ज्यांच्याकडे बोअर नाही, टँकर मागवतात, त्यांना आम्ही सरळ सांगतो, काका, पुढे दोनशे चौरस फूट लॉन ठेवा, बाकी फरशी आणि मोगरा लावा. मोठं बिल सोडून असं सांगताना सुरुवातीला माझ्या पोटात गोळा यायचा. पण त्याच काकांनी त्यांच्या अख्ख्या लाइनीतले बंगले दिले नंतर.

आता लव्हाळा या तणाबद्दल बोलल्याशिवाय लॉनचा विषय पुरा होत नाही. गुजराती लोक चीढो म्हणतात आणि असं तोंड करून म्हणतात की समजून जावं. हा येतो लाल मातीतून आणि कच्च्या शेणखतातून. दिसायला गवतच, फक्त पान जरा पोपटी आणि चकचकीत, आणि बोटात धरलं तर दांडा तीनधारी लागतो. ओढलं की वरचं पान हातात येतं, खाली जमिनीत सुपारीहून लहान काळी गाठ तशीच राहते, त्या गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, साखळी तुटली की ज्या झोपलेल्या होत्या त्या पण उगवतात. म्हणून चार बायका लावून खुरपून घेतलं आणि पंधरा दिवसांत डबल आलं, ही तक्रार आम्ही कायम ऐकतो. एका सोसायटीत आमच्या आधीच्या काँट्रॅक्टरने ग्लायफोसेट मारलं होतं, लव्हाळा मेला आणि लॉन पण सोबत गेली, कारण ते औषध हिरवं दिसेल ते मारतं. टू-फोर-डी मारून पण उपयोग नाही, ते रुंद पानाच्या तणाला. लव्हाळ्याला हॅलोसल्फ्युरॉन लागतं, ते पण पान कोवळं आणि वाढीला लागलेलं असताना, आणि एका फवारणीत काम होत नाही, पुन्हा मारावं लागतं. तुमच्याकडे जो माळी येतो त्याला कोणतं औषध मारणार ते नाव विचारा. 'दवा मारी देशुं बेन' एवढंच उत्तर आलं तर बॉटल बघितल्याशिवाय पंप चालू करू देऊ नका.

अजून एक सोपी तपासणी. लॉन कापल्याच्या दुसऱ्या दिवशी खाली बसून एक पातं हातात घ्या, टोक सरळ कापलेलं असेल तर ब्लेडला धार आहे, टोक फाटून पांढरट धागे दिसत असतील तर मशीन गवत कापत नाही, उपटतंय. लांबून लॉन करपल्यासारखी दिसते ती बरेच वेळा पाणी कमी पडून नाही, बोथट ब्लेडने. आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. पावसाळ्यात महिनाभर माळी आला नाही आणि मग एकदम जमिनीलगत साफ केलं तर खालचा पिवळा दांडाच वर येणार. ब्रश कटरवाला असेल तर नव्या झाडांच्या बुंध्याकडे पण नजर टाका, नायलॉनची दोरी साल सोलून काढते आणि गोल सगळीकडून सोललं तर झाड मरतं.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, पाणी 35 फुटांच्या वर गेलं, आमची नदीकाठची बरीच कामं पाण्याखाली. मगरी सोसायट्यांमध्ये फिरत होत्या, वन खात्याची माणसं पकडत होती, आणि आमच्या पोरांनी दोन दिवस गवतात पाय ठेवायला साफ नकार दिला, मी पण आग्रह केला नाही. पाणी ओसरल्यावर सगळ्यांचं एकच, लॉन गेली, नवीन टाका. तेव्हा नवीन विकायला सोन्यासारखा चान्स होता खरं तर. पण दूर्वेची जात चिवट असते, दोन-चार दिवस पाण्यात राहून मरत नाही, मरते ती वर बसलेल्या गाळाने. जिथे बोटभर गाळ होता तिथे जमीन वाफशावर आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिल्यावर, फावड्याने हलका काढला, पाइपने धुतला, दाभणासारख्या काट्यांनी भोकं पाडली, आणि नवरात्रापर्यंत फुटवे आले. जिथे चार-पाच इंच चढला होता तिथे मात्र नवीनच करावं लागलं.

त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर 2023 मध्ये, राज्य सरकारने कोनोकार्पस लावायला बंदी केली तेव्हा पण फोनच फोन. भिंतीला लागून रांगेने लावलेली ती झाडं काढायचं काम भरपूर मिळालं, मुळं गटारात आणि केबलमध्ये घुसलेली. त्याच्या जागी आम्ही मधुकामिनी नाहीतर मेंदीची कुंपणं केली. वाढतात सावकाश, हे आधीच सांगतो, नाहीतर सहा महिन्यांनी 'हजी क्यारे वधशे?' (अजून कधी वाढणार?) चालू होतं.

आमची पोरं दाहोद, छोटाउदेपूरकडची आहेत. होळीला सगळे गावी जाणार म्हणजे जाणार, पगार डबल दिला तरी थांबत नाहीत, आणि पहिल्या पावसात पेरणीला पुन्हा गावी. आम्ही हे काँट्रॅक्टमध्येच लिहितो, त्या दिवसांत व्हिजिट नाही, पैसे पण कट. पहिल्यांदा वाचून लोक हसतात.

नवीन लॉन करायची असेल तर मे महिन्यातच बोलवा, खोदकाम, मलबा, माती सगळं पावसाआधी उरकतं आणि जूनच्या शेवटी गवत लावलं की पाणी देवाचं. ऑगस्टमध्ये फोन केलात तर येऊ, पण चिखलात रोलर फिरवणार नाही, माती दगड होते. आणि होळीच्या आठवड्यात फोन लागला तर मी स्वतःच मोव्हर घेऊन येईन, आता माझं वय बघता एका दिवसात एकच बंगला.