47 दिवसांचा आक्षेप

निवृत्तीला आलेल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचं सेवापुस्तक (नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक) वेतन पडताळणी पथकाकडून परत आलं. आक्षेप एकच: 1999 सालची असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी रजा, 47 दिवस, अर्हताकारी सेवेतून (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या सेवेतून) वजा करावी. पेन्शनचे कागद निवृत्तीच्या सहा महिने आधी महालेखापालांकडे पोचायला हवेत. इथे उरले होते तीन. गट क मधले ते कर्मचारी टेबलापाशी उभे राहून एकच विचारत होते, "आता पेन्शन किती कमी होणार?"

पेन्शन एक रुपयाही कमी होणार नव्हती. अर्हताकारी सेवा 20 वर्षं भरली की शेवटच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन बसते, आणि यांची सेवा 29 वर्षं 3 महिने 10 दिवस होती. फटका ग्रॅच्युइटीला होता. ती सहामाहीवर मोजतात: पूर्ण झालेल्या दर सहामाहीला पाव महिन्याचं वेतन, जास्तीत जास्त साडेसोळा पट. वरचे दिवस तीन महिने किंवा त्याहून जास्त असले तर एक सहामाही धरतात. म्हणजे मूळ हिशेबात 59 सहामाह्या. 47 दिवस वजा केले की वर उरतात पावणेदोन महिने, आणि सहामाह्या 58. नुकसान पाव महिन्याच्या वेतनाचं. आक्षेप वाचल्यावर हा हिशेब आधी करावा. निम्मी घबराट तिथेच संपते.

पण पाव महिना तरी का सोडायचा? असाधारण रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर असेल तर ती सेवेत धरली जाते. सेवापुस्तकात नुसतं "असाधारण रजा" लिहिलेलं, कारण कोरं. रजेचा मूळ आदेश आधीच्या कार्यालयातल्या वैयक्तिक नस्तीत (फाइलीत) निघाला, मागे टाचलेल्या प्रमाणपत्रासकट. बदलीच्या वेळी सेवापुस्तक पुढे जातं, नस्ती बहुतेकदा मागेच राहते, म्हणून शोध तिथूनच सुरू करायचा. जुन्या नोंदीवर खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही. खाली लाल शाईने दुरुस्तीची नोंद, आदेशाचा क्रमांक व दिनांक, आणि कार्यालयप्रमुखांची साक्षांकित सही. आदेशाची प्रत जोडून पुस्तक त्याच दिवशी पथकाकडे परत पाठवलं.

त्याच ओळीत दुसरं दुखणं होतं, जे पथकाने विचारलंच नव्हतं. रजेमुळे वेतनवाढ 1 ऑक्टोबरवरून 1 नोव्हेंबरला सरकायला हवी होती. कोणी सरकवली नव्हती. 2006 पासून सर्वांची वेतनवाढ 1 जुलैला आली तोवर दरवर्षी महिनाभराची वाढ जादा गेलेली. प्रमाणपत्र असलं तरी हे आपोआप माफ होत नाही. पथक विचारायच्या आत टिपणी जोडली: रफीक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गट क व ड च्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून चुकून जादा दिलेल्या वेतनाची वसुली करू नये असं म्हटलंय. मात्र जादा वेतन देताना कर्मचाऱ्याने वसुलीचं हमीपत्र लिहून दिलेलं असेल तर हा आधार टिकेलच असं नाही, त्यामुळे सेवापुस्तकात चिकटवलेली हमीपत्रं आधी चाळावीत. यांच्या पुस्तकात ते नव्हतं.