रामटेकच्या कड्यावरून, भुरीसोबत

फाल्गुन वद्य दशमी, रविवार. नागपूर.

रामटेकला मी लहानपणापासून जात आले आहे, पण ते जाणे बहुतेक वेळा गाडीने थेट वर पोहोचण्याचे, दर्शन घेऊन लगेच परतण्याचे असे. अंबाळा तलावाच्या बाजूने चढून डोंगराची कड धरत, माझ्या भुरी कुत्रीला सोबत घेऊन चालावे, ही इच्छा बरेच दिवस मनात होती आणि आज ती पूर्ण झाली. पळस अजून फुललेला आहे, मोह गळू लागला आहे आणि सकाळचे तीन-चार तास तरी हवा सोसवते. आणखी पंधरा दिवसांनी या उन्हात कुत्र्याला घेऊन निघणे योग्य झाले नसते.

विदर्भात उंच कडे पाहायचे म्हटले की कोणीही आधी चिखलदऱ्याचे नाव घेतो, आणि तिथली दरी मलाही फार प्रिय आहे. परंतु तो सारा परिसर मेळघाटाच्या जंगलाला लागून आहे, आणि 1973-74 साली देशात जे पहिले व्याघ्र प्रकल्प घोषित झाले, त्यांत मेळघाट होता. अशा ठिकाणी पाळीव कुत्र्याला नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. वन्यप्राण्यांना कुत्र्याच्या वासाचा आणि भुंकण्याचा त्रास होतो, हे एक कारण. त्याहून मोठे कारण रोगाचे आहे. 2018 साली गीरमध्ये जे सिंह दगावले, त्यांच्यात कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. भुरीच्या सर्व लसी वेळच्या वेळी झालेल्या आहेत, तरीही तिच्यासाठी डोंगर निवडायचा तर तो माणसांच्या रोजच्या वहिवाटीतला असावा, असे मला वाटते. नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवरचा रामटेक त्या दृष्टीने सोयीचा आहे.

दादाने पहाटेच गाडी काढली. कामठी आणि कन्हान मागे पडून मनसरला उजवीकडे वळलो, तेव्हा दशमीचा चंद्र अजून आकाशात होता. भुरी मागच्या आसनावर, खिडकीच्या फटीला नाक लावून बसली होती. पिशवीत दोन बाटल्या पाणी, तिचे पसरट भांडे, दहीभात आणि आमच्यासाठी मृग बहाराची संत्री होती. द्राक्षांचे दिवस असूनही ती मुद्दाम घेतली नाहीत, कारण द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात आणि वाटेवर सांडलेला एखादा दाणा भुरीच्या तोंडात जायला क्षणही लागत नाही.

रामटेकचा डोंगर घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे आणि त्या वळणाच्या आत अंबाळा तलाव, त्याचे घाट आणि जुनी देवळे आहेत. तलावावरून दगडी पायऱ्या वर चढतात. पायऱ्या सुरू होण्याआधी मोहाच्या एका झाडाखाली एक बाई टोपलीत फुले वेचत होत्या. पहाटेपासून गळलेली ती पिवळसर, रसाळ फुले झाडलेल्या जमिनीवर पसरली होती आणि त्यांचा गोड, किंचित आंबूस वास साऱ्या वाटेवर भरून राहिला होता. भुरी नाक खाली घालून तिकडे ओढ घेऊ लागली, तशी मी तिला जवळ घेतले. बाईंनी मान वर करून म्हटले, “तिले सांभाळजा बाई, वर वांदरं लय हायेत.” त्यांचे म्हणणे खरे होते आणि दिवसभर मी ते लक्षात ठेवले.

माथ्यावर आल्यावर डोंगराची खरी रचना कळते. रामाच्या गडमंदिराच्या बाजूला दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून नैसर्गिक कडाच इतका सरळ तुटलेला आहे की तटाचे काम त्यानेच केले आहे. दुहेरी तटबंदी बांधावी लागली ती उत्तरेकडे. सेमिनरी हिल्सचा काळा बेसाल्ट पाहण्याची सवय असलेल्या आम्हा नागपूरकरांना इथला फिकट रंगाचा, अतिशय प्राचीन रूपांतरित खडक वेगळाच भासतो. कडेला त्याच्या सुट्ट्या कपच्या पडलेल्या असतात. माणूस अशा जागी पाऊल टाकण्यापूर्वी अंदाज घेतो. कुत्रा एरवी घेतो, पण समोरून खार किंवा सरडा पळाला की त्याचे सगळे भान त्या पळणाऱ्या जिवाकडे जाते. म्हणून भुरीचा पट्टा मी गळ्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला अडकवला होता, आणि कड्याच्या बाजूला मी, डोंगराच्या बाजूला ती, हा क्रम शेवटपर्यंत मोडू दिला नाही. मोकळे सोडल्यावर कुत्रा किती आनंदाने धावतो, हे मला ठाऊक आहे. त्या धावण्यासाठी सपाट मैदान असावे.

तिच्या चालीने चालल्यामुळे मला हा डोंगर निराळा दिसला. मी एकटी असते तर दूरचे पाहत भराभर पुढे गेले असते. ती दर दहा पावलांवर थांबत होती, आणि ती जिथे थांबेल तिथे काहीतरी असेच: दगडाखाली साळिंदराने टाकलेला काटा, वाळलेल्या शेणाखालून निघालेली वाळवीची माती, पळसाखाली पडलेला फुलांचा सडा. पळसाला एकही पान उरलेले नव्हते. काळ्या मखमली कळ्यांच्या मुळाशी केशरी पाकळ्या वळलेल्या आणि त्यांच्यावर साळुंक्यांचे भांडण चालू. खाली पडलेल्या एका फुलात नाक खुपसून भुरी इतका वेळ उभी राहिली की तिच्या नाकावर परागाचा पिवळा पट्टा उमटला.

वानरांनी आम्हाला आम्ही त्यांना पाहण्याआधीच पाहिले होते. झाडावरून खोकल्यासारखा तो खरखरीत इशारा आला आणि कळप सावध झाला. बिबट्या किंवा कुत्रा दिसला की ती असाच आवाज काढतात. भुरीचे अंग ताठ झाले, पण ती भुंकली नाही. दादा पुढे होऊन म्हणाला, “थांब जरा, त्यांना आधी जाऊ दे.” आम्ही वाटेच्या आतल्या बाजूला उभे राहिलो, खाण्याची पिशवी झाकून घेतली आणि पोटाशी पिल्लू धरलेली शेवटची मादी तटावरून पलीकडे जाईपर्यंत जागचे हललो नाही.

एका मोठ्या दगडाच्या सावलीत बसल्यावर भुरी पुढचा पंजा चाटू लागली. बोटांच्या मधल्या केसांत कुसळ शिरले होते. हिवाळ्यात वाळलेल्या गवताची ही बी अजूनही वाटेवर विखुरलेली असते. तिच्या टोकाला उलट्या केसांची सुई आणि मागे पिळलेली लांब शेपटी असते. मी ते हळूच उपटून ओल्या तळहातावर ठेवले आणि आम्ही दोघे पाहत राहिलो: ओलावा लागताच ती शेपटी आपोआप उलगडत फिरू लागली आणि टोक चामडीला टोचू लागले. बीला मातीत रुजवण्यासाठी निसर्गाने केलेली ही योजना कुत्र्याच्या ओल्या पंजात मात्र आत आत घुसत जाते आणि तिथे पू धरतो. मग मी चारही पंजे, काखा आणि कान बोटांनी नीट चाचपून पाहिले. भुरीने एवढ्या विश्वासाने पाय माझ्या मांडीवर टाकून दिला की मला भरून आले. तिला रस्त्यावरून घरी आणले तेव्हा तिच्या पायाला कोणी हात लावलेला तिला मुळीच चालत नसे.

त्या जागेवरून दक्षिणेचे सपाट रान लांबवर दिसते. शेतांच्या पलीकडे नगरधनचा भुईकोट आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती इथलीच, असे अभ्यासक मानतात. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता पतीच्या मृत्यूनंतर मुले लहान असताना येथूनच राज्य चालवत होती, आणि तिच्या एका ताम्रपटात तो रामगिरीच्या, म्हणजे याच डोंगराच्या, स्वामीच्या पायांपाशी दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीही लोक या कड्यावर चढून येत होते. याच माथ्यावर त्या काळातली नरसिंहाची देवळे आजही उभी आहेत आणि वराहाची भव्य मूर्तीही आहे. राज्य सांभाळणाऱ्या त्या बाईने वरून हेच रान पाहिले असेल, या विचाराने मी बराच वेळ उठलेच नाही.

गडमंदिरात भुरीला नेण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे आम्ही पाळीपाळीने दर्शन घेतले. मी भैरव दरवाजातून आत जाऊन आले तोवर दादा तिला घेऊन बाहेरच्या भिंतीच्या सावलीत बसला होता. ऊन आता चढू लागले होते. मी हाताची मागची बाजू फरशीवर टेकवून मनात सात आकडे मोजले. चटका सहन झाला, पण जेमतेम. हात जिथे तेवढा वेळ टिकत नाही, तिथे कुत्र्याच्या तळव्यांना फोड येतात. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच शरीर थंड ठेवावे लागते. भुरीची जीभ लांब आणि रुंद होऊ लागली, तेव्हा खिंडसी तलावाच्या बाजूला जाण्याचा विचार सोडून दिला. तिचे पोट आणि पंजे पाण्याने भिजवले आणि साडेनऊच्या आत आम्ही सावलीच्या कडेने अंबाळ्याकडे उतरू लागलो. उतारावर मी मुद्दाम तिच्या पुढे चालले, म्हणजे तिने ओढ घेतली तरी वेग माझ्या हातात राहील.

खाली पोहोचल्यावर तिने भांडेभर पाणी प्यायले, दहीभात चाटूनपुसून खाल्ला आणि परतीच्या सगळ्या वाटेवर दादाच्या पिशवीवर डोके ठेवून झोपली.

संध्याकाळी अंगणात तिच्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवली. कानाच्या पाळीमागे एक गोचीड सापडली, अजून नीट न फुगलेली. चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ ओढून काढली आणि जागा पुसून घेतली. गोचिडीतून येणारा ताप लगेच दिसत नाही. आठवड्याभरापासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही डोके वर काढतो. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर तीन आठवड्यांवर खूण केली आहे. तोवर तिच्या खाण्याकडे आणि हिरड्यांच्या रंगाकडे रोज लक्ष द्यायचे, आणि जरा मलूल दिसली तरी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचे, असे दादाशी बोलून ठरवले आहे.