किमोनोच्या सुटाचं कापड धुऊन मिळेपर्यंत

जुन्या किमोनोचा सूट शिवायचा असेल तर शिलाईची धास्ती घेऊ नका, धुलाईच्या काउंटरची घ्या. माझा राग अजून उतरलेला नाही.

कापड मेइसेनचं. इसेसाकी, चिचिबु, आशिकागा या भागांत विणलं जाणारं हे रेशीम 1920-30 च्या सुमारास जपानी बायकांच्या रोजच्या वापरात होतं. किंमत बेताची, नक्षी मात्र रस्त्यापलीकडून दिसेल अशी. माझ्या किमोनोवर जांभळ्या जमिनीवर बशीएवढी शेंदरी फुलं. क्योतोच्या तोजी मंदिरात दर महिन्याच्या 21 तारखेला बाजार भरतो, तिथल्या ढिगातून तो उपसून काढला.

असा किमोनो थेट कापत नाहीत. हातशिलाई उसवायची, सुटे झालेले पट्टे पुन्हा एकाला एक जोडून अख्खा तागा करायचा, धुवायचा, ताणून वाळवायचा. याला आराइहारी म्हणतात. टोकियोतल्या ज्या दुकानात मी गेलो, त्यांच्या फॉर्मवर एक रकाना होता: नव्या शिलाईची मापं. तीही किमोनोवाल्यांच्या शाकुमध्ये, म्हणजे एक शाकु जवळपास 38 सेंटीमीटर. मी सांगितलं, शिलाई नको, धुतलेलं कापड तेवढं द्या. काउंटरवरच्या बाईंनी अत्यंत नम्रपणे फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. रकाना रिकामा चालत नाही.

"मग शिवणार काय?"

"सूट."

त्यांनी पेन खाली ठेवलं, आत जाऊन आल्या. किमोनोचा पुन्हा किमोनोच होणार असेल तर घेऊ, म्हणाल्या. पुढच्या खेपेला कारण बदललं: कापड जुनं आहे, धुताना विरलं तर जबाबदार कोण? मी म्हटलं मी, लिहून देतो. तर लिहून द्यायचा कागद वेगळा, तो मुख्य शाखेत, आणि तिथून फोन येईल. फोन काही आला नाही. तोवर पावसाळा लागला, आता पाऊस संपल्यावर बघू. माझंच कापड, पैसे मी मोजणार, आणि त्याचं काय करायचं याची परवानगी मी मागत उभा!

शेवटी एकदा आतले वयस्क कारागीर स्वतः बाहेर आले. पट्टा उजेडासमोर धरला, दोन अंगठ्यांत हलकेच ताणून पाहिला आणि मापांच्या रकान्यावर तिरकी रेघ मारून लिहिलं: शिलाई नाही, तागा करून परत. बस्स, एवढंच! तेव्हा तुम्ही जाल तेव्हा हेच वाक्य जपानीत लिहून न्या, आणि सुटाचा विषय काढूच नका.

अंगठ्यांची ती परीक्षा बाजारातच करा. मेइसेन बसण्याच्या जागी आणि गुडघ्यांवर आधी विरतं. कापड घेताना नक्षीही बघा. किमोनोला खांद्यावर शिवण नसते, एकच पट्टा पुढून खांद्यावरून मागे जातो, त्यामुळे एकाच दिशेची नक्षी अर्ध्या कापडावर उलटी येते. मोठी, चौफेर फुलं बरी.

आता बेतण्याचं. पन्हा जेमतेम 37 सेंटीमीटर. जाकिटाला तो पुरतो: पाठीत मध्ये शिवण असतेच, बगलेची पट्टी वेगळी घ्यायची, बाही दोन तुकड्यांची. पँटचा मागचा भाग मात्र बसत नाही, तिथे जोड द्यावाच लागतो. एका किमोनोत साधारण 12 मीटर कापड, म्हणजे साडेचार चौरस मीटरच्या आतच. नक्षी जुळवायची तर त्यात पूर्ण सूट निघत नाही. मी त्यात जाकीट आणि वेस्टकोट काढला, पँटसाठी गडद जांभळं लोकरीचं कापड टोकियोतल्या निप्पोरीच्या कापडबाजारातून आणलं. अस्तर आणि बटणंही तिथलीच. कापण्याआधी सगळ्या रेशमाला मागून पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड, लावा, इस्त्री मंद, वाफ बंद. चिरिमेन, म्हणजे बारीक सुरकुत्यांचं क्रेप रेशीम, असेल तर वाफेने डोळ्यांदेखत आक्रसतं.

मग मी तो सूट घालून टोकियोतल्याच निशिकासाईच्या दिवाळी मेळ्याला गेलो. तोझाई लाइनच्या मेट्रोच्या डब्यात शेजारच्या आजींनी विचारून बाहीची कड चिमटीत धरली, उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "इसेसाकी ना?" मला इतका अभिमान वाटला की उतरेपर्यंत त्यांना कॉलरवर फुलाची पाकळी कशी जुळवली ते दाखवत होतो.

आणि हो, काखेत घामाची सुटी पट्टी टाचा. असं रेशीम वरचेवर धुता येत नाही, आणि त्या काउंटरवर मला तरी पुन्हा जायचं नाही.