व्हर्च्युअल असिस्टंटचा व्यवसाय: काम नेमकं लिहिण्यापासून पहिल्या ग्राहकापर्यंत

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणून, म्हणजे दुसऱ्याची कार्यालयीन कामं दुरून ऑनलाइन करून देणारे म्हणून, काम शोधणारे बहुतेक जण स्वतःची ओळख करून देताना लिहितात: ईमेल, डेटा एन्ट्री, सोशल मीडिया, माहिती गोळा करणं, जे म्हणाल ते करते. माझी पहिली ओळखही अशीच होती आणि तिच्यातून एकही काम आलं नाही. वाचणाऱ्याला त्यात स्वतःची अडचण दिसतच नाही. ज्याच्या इनबॉक्समध्ये न वाचलेल्या मेलचा ढीग साचलाय, तो 'प्रशासकीय मदत' शोधत नसतो. रोज सकाळी संगणक उघडल्यावर त्याने स्वतः बघायलाच हवेत असे दहा-पंधरा मेल समोर असावेत आणि बाकीचे मार्गी लागलेले असावेत, एवढंच त्याला हवं असतं. हे वाक्य असंच्या असं लिहिता आलं, की निम्मी जाहिरात झाली.

त्यामुळे मी आधी एक तक्ता करायला सांगते. त्यात पाच रकाने: काम, किती वेळा, एका वेळेला किती मिनिटं, कुठल्या साधनात, आणि 'झालं' म्हणजे नेमकं काय. शेवटचा रकाना भरता येत नसेल तर ते काम विकायला तयार नाही असं समजायचं. 'सोशल मीडिया सांभाळणे' यापुढे तो रकाना रिकामाच राहतो. 'ग्राहकाने मंजूर केलेल्या 12 पोस्ट महिन्याच्या 25 तारखेपर्यंत पुढच्या महिन्यासाठी शेड्यूल करणे' यापुढे तो लगेच भरतो. या तक्त्यातून तीन सेवा निवडाव्यात, आणि त्याही एकमेकींना लागून असलेल्या. इनबॉक्स, कॅलेंडर आणि मीटिंगनंतरचा पाठपुरावा हे एक त्रिकूट. बिलं काढणं, थकलेल्या पैशांची आठवण करून देणं आणि पावत्या लावून ठेवणं हे दुसरं. एका त्रिकुटाला ग्राहकाची तीच खाती लागतात, त्याच वेळी बसावं लागतं आणि एका कामात मिळालेली माहिती दुसऱ्यात उपयोगी पडते. तीन वेगळ्या दिशांच्या सेवा घेतल्या तर प्रत्येक नव्या ग्राहकामागे शिकण्यातच दिवस जातात.

दर ठरवताना सगळ्यात जास्त चुका होतात. महिन्याला हवी ती रक्कम 160 तासांनी भागून दर काढला जातो. पण 160 पैकी बिल करता येण्यासारखे तास साधारण 60 टक्के, म्हणजे 96 च्या आसपास धरावेत. उरलेला वेळ चौकशांना उत्तरं देणं, प्रस्ताव, हिशेब, साधनं शिकणं आणि दोन कामांमधल्या फटी यात जातो. म्हणजे भागाकार 96 ने करायचा. दर तिथेच जवळपास पावणेदोन पट होतो, आणि आकडा बघून घाबरून तो कमी करण्याचा मोह आवरायचा. त्यावर साधनांची वर्गणी, कर, आणि ग्राहक दुसऱ्या चलनात पैसे देत असेल तर चलनबदलात कापले जाणारे पैसे धरायचे. फायव्हरसारख्या, ग्राहक आणि काम करणारे यांना ऑनलाइन जोडणाऱ्या ठिकाणी विक्रेत्याच्या, म्हणजे तुमच्या, रकमेतून 20 टक्के कापले जातात. हातात 100 यायला हवेत तर तिथे 125 लावावे लागतात. 120 लावले तर हातात 96 च येतात, आणि ही चूक फार जण करतात.

सुटे तास विकण्यापेक्षा महिन्याचे 10, 20 किंवा 40 तासांचे संच करावेत आणि पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्यावेत. उरलेले तास पुढच्या महिन्यात नेता येतील का, हे आधीच लिहून द्या. मी कमाल 20 टक्के, आणि तेही फक्त पुढच्या एका महिन्यापुरतं, अशी मर्यादा ठेवते. ती नसेल तर कोणी तीन महिने काही देत नाही आणि चौथ्या महिन्यात 80 तास मागतो. त्या महिन्यात इतर ग्राहकांचं काम कोलमडतं. वेळ 15 मिनिटांच्या टप्प्यात मोजणं दोघांनाही समजायला सोपं जातं. टॉगल किंवा क्लॉकिफाय यापैकी कुठलंही साधन चालेल, फक्त नोंद काम चालू असतानाच व्हायला हवी. संध्याकाळी आठवून भरलेले तास नेहमी कमी भरतात.

पहिल्या ग्राहकाआधी दाखवायला काही नसतं, असं वाटतं. पण नमुना काल्पनिक ग्राहकासाठीही बनवता येतो, फक्त तो काल्पनिक आहे असं त्यावर स्पष्ट लिहावं. एका गोंधळलेल्या आठवड्याचं कॅलेंडर आधी आणि नंतर, तीन दिवसांच्या प्रवासाचा आराखडा, एका इनबॉक्सची वर्गवारी: एवढे तीन नमुने एकेका पानावर पुरतात. वेबसाइटशिवायही सुरुवात होते. लिंक्डइनचं नीट लिहिलेलं पान आणि ही तीन पानं पुरेशी आहेत.

मग ओळखीच्या 50 लोकांची यादी करा: जुने सहकारी, वरिष्ठ, पुरवठादार, स्वतःचा व्यवसाय करणारे परिचित. यातले फारसे ग्राहक होणार नाहीत, पण ग्राहक होऊ शकणारे लोक त्यांना माहीत असतात. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर तो कोणीच वाचत नाही. रोज पाच जणांना, प्रत्येकाला वेगळा. मजकूर एवढाच: 'नमस्कार. मी आता छोट्या व्यावसायिकांचं इनबॉक्स आणि कॅलेंडर सांभाळण्याचं काम घेते. रोज सकाळी नऊच्या आत त्यांनी स्वतः बघायचे मेल वेगळे काढून बाकीच्यांची उत्तरं तयार ठेवते. तुमच्या ओळखीत मीटिंगच्या वेळा ठरवण्यातच दमणारं कोणी असेल तर माझा संपर्क द्याल का?' विनंती 'तुम्हाला माझी सेवा हवीय का' अशी नसावी, कारण त्यावर नाही म्हणताना समोरच्याला अवघड वाटतं आणि तो उत्तरच देत नाही. चार दिवसांनी एकदा आणि त्यानंतर दहा दिवसांनी एकदा आठवण करावी. तिसरी करू नये.

ग्राहकांच्या जाहिरातींना प्रस्ताव पाठवायच्या अपवर्कसारख्या ठिकाणी प्रस्तावाच्या पहिल्या दोन ओळींवर सगळं ठरतं, कारण ग्राहकाला यादीत तेवढ्याच दिसतात. त्या स्वतःच्या अनुभवावर खर्च करू नका; जाहिरातीत ग्राहकाने लिहिलेली अडचण पकडून तुम्ही पहिल्या दिवशी काय कराल ते लिहा. तिथे प्रस्ताव पाठवायला कनेक्ट (मंचाचे टोकन) खर्च होतात, म्हणून अर्धवट जुळणाऱ्या जाहिराती सोडून देणं चांगलं. आणखी एक नियम आधीच माहीत हवा: तिथे भेटलेल्या ग्राहकाचे पैसे दोन वर्षं त्याच मंचावरून घ्यावे लागतात. परस्पर घेतले तर खातं बंद होऊ शकतं.

चौकशी आली की 20 मिनिटांचा कॉल पुरतो. त्यात मी एकच गोष्ट खोदून विचारते: गेल्या आठवड्यात कुठलं काम तुमच्याकडून राहून गेलं आणि त्याने काय अडलं? उत्तरातून मिळालेलं काम पाच तासांच्या चाचणीत बसवायचं, आणि चाचणीचे पैसे पूर्ण दराने घ्यायचे. फुकट चाचणी मागणारा ग्राहक पुढे सूचनाही उशिरा देतो, कारण त्याचं त्यात काहीच गुंतलेलं नसतं.

करार दोन पानांचा असावा. त्यात कामांची यादी, यादीत नसलेल्या कामाचा दर, उत्तर देण्याची मुदत, पैसे कधी, गोपनीयता आणि 14 दिवसांच्या सूचनेने थांबण्याची मुभा, एवढं हवंच. उत्तराची मुदत लिहिली नाही तर ती शून्य मिनिटं आहे असं ग्राहक गृहीत धरतो. मी 'कामाच्या दिवशी चार तासांत' असं लिहिते. यादीबाहेरचं छोटं काम पहिल्यांदा आनंदाने करावं, पण साप्ताहिक अहवालात त्याची वेगळी ओळ लिहावी. अशी ओळ तीन आठवडे दिसली की दरवाढीची किंवा संच बदलण्याची गोष्ट काढायला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही.

खात्यांचा प्रवेश हा नाजूक भाग आहे आणि इथे घाई करू नये. पासवर्ड मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर घेऊच नका; बिटवॉर्डन किंवा वनपासवर्ड अशा पासवर्ड सुरक्षित ठेवणाऱ्या साधनातून घ्या. जीमेलला तर पासवर्डची गरजच नाही. ग्राहकाने संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमधल्या खात्यांच्या भागात जाऊन तुमच्या पत्त्याला प्रवेश द्यायचा. मोबाइल ॲपमधून हे होत नाही. आमंत्रण एका आठवड्यात स्वीकारलं नाही तर बाद होतं, आणि स्वीकारल्यावरही प्रवेश सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागू शकतात. म्हणून हे काम सोमवारी सुरू करायचं असेल तर गुरुवारीच आटपा. अशा प्रवेशात तुम्ही मेल वाचू, पाठवू, काढून टाकू शकता. पासवर्ड बदलू शकत नाही, आणि हेच दोघांच्या हिताचं आहे. पाठवलेल्या मेलवर तुमचं नाव दिसावं की नाही हेही तिथेच ठरतं. ग्राहकाला त्याबद्दल आधी विचारा, नाहीतर त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला अनोळखी नावाने आलेला मेल बघून धक्का बसतो. पहिल्या दोन आठवड्यांत सगळी उत्तरं मसुद्यातच ठेवायची आणि ग्राहकाने पाठवायची. आणि 'पाठवलेला मेल मागे घ्या' ही मुदत 5 सेकंदांवरून 30 वर नेऊन ठेवायची.

कॅलेंडरमध्ये सगळ्यात जास्त चुका घड्याळ बदलल्यामुळे होतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. या मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस, घड्याळं मागे येताना, आठवडाभर पुन्हा तेच. ज्या देशांत घड्याळ बदलतच नाही तिथल्या माणसाला तर वर्षातून दोनदा अशा शहरांच्या वेळेला बांधलेल्या सगळ्या नियमित मीटिंग सरकलेल्या दिसतात. त्यामुळे नियमित मीटिंग कुणाच्या शहराच्या वेळेला बांधायची हे ग्राहकाला विचारून नोंदीत तो टाइम झोन निवडावा. निमंत्रणात टाइम झोनची आद्याक्षरं न लिहिता शहराचं नाव लिहावं: आयएसटी ही तीन अक्षरं भारत, आयर्लंड आणि इस्रायल या तिन्ही ठिकाणच्या वेळेला वापरतात.

दर शुक्रवारी अर्ध्या पानाचा अहवाल पाठवा: काय झालं, कशावर ग्राहकाचा निर्णय हवा, किती तास गेले, किती उरले. निर्णयांच्या ओळींना क्रमांक द्या, म्हणजे ग्राहक फोनवरून '1 हो, 2 नको' एवढंच उत्तर देऊ शकतो. पाचव्या-सहाव्या अहवालानंतर, सगळं सुरळीत असताना, त्यातल्याच एका ओळीत विचारायचं: तुमच्यासारखाच भार असलेलं आणखी कोणी ओळखीत आहे का? माझे बहुतेक नवे ग्राहक या एका ओळीतून आले आहेत. आधीच्या ग्राहकाकडून आलेल्यांना नमुने दाखवावे लागत नाहीत. त्यांना शुक्रवारचा अहवाल कसा असतो हे कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं.