चौतीस नंबरला काय वाहायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून. लॉस एंजेलिसला मुलाकडे किंवा मुलीकडे राहून आलेल्यांचा हा प्रश्न ठरलेलाच असतो. डॉजर्स या बेसबॉल संघाचं डॉजर स्टेडियम बघायला गेलं की जिकडेतिकडे पाठीवर ३४ लिहिलेल्या जर्सी दिसतात. मारियाची प्लाझासमोरच्या जुन्या बॉइल हॉटेलच्या भिंतीवर त्याच माणसाचं तीन-चार मजली चित्र आहे. तो गेला तेव्हा तर स्टेडियमच्या पाटीखाली मेणबत्त्या, टोप्या आणि चक्क झेंडू दिसत होता. हा फर्नांडो वालेन्झुएला कोण? बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत, म्हणजे हॉल ऑफ फेममध्येसुद्धा तो नाही, मग लोक एवढं का करतात? आणि आपण तिथे गेलो तर काय करायचं?

काय करायचं ते सांगायला दोन ओळी पुरतात: नीट बांधलेली फुलं ठेवा, टोपी काढा. पण का करायचं हे कळलं नाही तर ते दुसऱ्याच्या घरच्या गौरीला कुंकू लावून आल्यासारखं होईल.

सुरुवात टेकडीपासून. स्टेडियम ज्या चावेझ राविनमध्ये उभं आहे तिथे पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन मेक्सिकन वस्त्या होत्या. १९५० साली घरमालकांना पत्रं गेली: जागा सोडा, इथे सरकारी घरं होणार, त्यात पहिला हक्क तुमचा. बहुतेकांनी जागा सोडली. मग राजकारण फिरलं, घरांची योजनाच रद्द झाली, आणि ब्रुकलिनहून आलेल्या डॉजर्सना ती जमीन मिळाली. मे १९५९मध्ये उरल्यासुरल्या कुटुंबांना पोलिसांनी उचलून बाहेर काढलं, तेही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. १० एप्रिल १९६२ला तिथे पहिला सामना झाला. आपल्याकडे अशा लोकांसाठी ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द आहे आणि तो इथे तंतोतंत बसतो. त्या घरांतली कितीतरी माणसं पुढे वर्षानुवर्षं स्टेडियमची पायरी चढली नाहीत.

अशा ठिकाणी ९ एप्रिल १९८१ला सीझनच्या पहिल्याच सामन्यात वीस वर्षांचा, पोट सुटलेला, इंग्रजी न येणारा एक डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, उभा राहिला. जेरी रॉइस दुखावला म्हणून ऐनवेळी त्याला चेंडू दिला होता. सोनोरा राज्यातल्या एचोवाकिला या खेड्यातलं शेतकऱ्याचं घर, बारा भावंडांतलं शेंडेफळ. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजना त्यानं एकही धाव दिली नाही, निकाल २–०. पहिले आठही सामने तो जिंकला आणि त्यांतल्या पाचांत प्रतिस्पर्ध्याला भोपळा मिळाला. त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम पिचर हे दोन्ही मान त्याला मिळाले. एकाच मोसमात हे दोन्ही मिळवणारा दुसरा कोणी अजून झालेला नाही. स्पॅनिश रेडिओवर हायमे हारिन सामना सांगायचे आणि पत्रकार परिषदेत त्याचे दुभाषेही तेच. जे आजोबा स्टेडियमचं नाव काढू देत नव्हते त्यांच्याच घरांतून माणसं तिकिटाच्या रांगेत उभी राहिली. त्या वर्षाला फर्नांडोमेनिया म्हणतात. अर्थात टेकडीचा हिशोब त्यानं मिटला, असं कोणी म्हणू नये. पण तिथे जायला एक कारण मिळालं.

त्याचं हत्यार म्हणजे स्क्रूबॉल. तो कसा पडतो हे क्रिकेटवाल्यांना पटकन कळतं. पिचरचा नेहमीचा वळणारा चेंडू, कर्व्ह, टाकताना तळहात आतल्या बाजूला फिरतो. स्क्रूबॉलला नेमकं उलट करायचं: चेंडू सुटताना तळहात बाहेर वळवायचा, अंगठा खाली न्यायचा. डाव्या हातानं बरणीचं झाकण घट्ट बसवून पाहा, मनगट जसं फिरतं तसं. उजव्या बॅटरला चेंडू आत येतोय असं वाटतं आणि तो खाली बुडत बाहेर निघून जातो. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू बाहेर जातो त्याच दिशेनं, फरक एवढाच की इथे टप्पाच नसतो, सगळं हवेत होतं. फर्नांडोला हा चेंडू डॉजर्सच्याच बॉबी कास्तियोनं शिकवला. हा चेंडू आज जवळपास कोणी टाकत नाही, कारण हाताचं ते वळण कोपराला आणि खांद्याला मानवणारं नाही असा सगळ्यांचा समज. फर्नांडोच्या बाबतीत मात्र निव्वळ ओझंही कमी नव्हतं. १९८६मध्ये त्यानं वीस सामने एकट्यानं, पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत टाकले. १९८८ला खांदा बसला. २९ जून १९९०ला सेंट लुईसच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, न देता त्यानं आणखी एक मोठा दिवस दाखवला आणि १९९१च्या मार्चमध्ये डॉजर्सनी त्याला सोडून दिलं.

आता हॉल ऑफ फेमचं. २००३च्या मतदानात त्याला ६.२ टक्के मतं पडली, २००४मध्ये ३.८. पाचाच्या खाली गेलं की त्या मतपत्रिकेवरून नाव कायमचं उतरतं. डिसेंबर २०२५मध्ये जुन्या खेळाडूंच्या समितीपुढे ते पुन्हा आलं, सोळांपैकी बारा मतं हवी होती, पाचही पडली नाहीत. आकड्यांकडे बघितलं तर समितीला फार दोष देता येत नाही: १७३ विजय, १५३ पराभव. पण लोक जे आठवतात ते या आकड्यांत मावत नाही.

म्हणून ३४ची गोष्ट महत्त्वाची. डॉजर्सचा अलिखित नियम असा की हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्याचाच नंबर निवृत्त करायचा, म्हणजे पुन्हा कुणाला द्यायचा नाही. जिम गिलियमचा तेवढा अपवाद. म्हणजे नियमानं ३४ कुणालाही देता आला असता. पण कपडे-सामान सांभाळणाऱ्या मिच पूलनं तो कधी बाहेरच काढला नाही. मागणारे आले, त्यांना दुसरा नंबर मिळाला. अशी बत्तीस वर्षं गेली आणि ११ ऑगस्ट २०२३ला क्लबनं नंबर रीतसर निवृत्त केला, फर्नांडोच्या डोळ्यांदेखत. बाकी सगळे सन्मान बाजूला ठेवले तरी कोठीघरातल्या माणसाचा हा हट्ट मला सगळ्यात मोठा वाटतो.

फर्नांडो २२ ऑक्टोबर २०२४ला गेला, त्रेसष्टाव्या वर्षी. तीनच दिवसांनी डॉजर्स आणि न्यूयॉर्कचे यँकीज यांच्यात वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, सुरू झाली. खेळाडूंच्या बाहीवर ३४चा बिल्ला होता. डॉजर्स जिंकले आणि विजयाची मिरवणूक निघाली ती १ नोव्हेंबरला, म्हणजे त्याच्या वाढदिवशी.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे.

जागा म्हणजे व्हिन स्कली अ‍ॅव्हेन्यूवरची निळी-पांढरी स्वागताची पाटी. २०२२मध्ये समालोचक व्हिन स्कली गेले तेव्हाही लोकांनी फुलं तिथेच वाहिली होती. फुलांचा प्लास्टिकचा कागद काढून टाका. उन्हात आत वाफ धरते आणि दुपारपर्यंत पाकळ्या काळ्या पडतात. देठ ओल्या कापडात गुंडाळून सुतळीनं बांधा. मेणबत्ती लावायचीच तर उंच काचेच्या पेल्यातली. स्पॅनिशमध्ये तिला वेलादोरा म्हणतात, मेक्सिकन किराणा दुकानात सहज मिळते. उघडी मेणबत्ती नको: शरद ऋतूत तिथे वाळवंटाकडून कोरडे वारे सुटतात आणि आजूबाजूची टेकडी वाळक्या गवताची आहे. शंका वाटली तर बॅटरीचा दिवा ठेवा, कोणी नावं ठेवत नाही.

चेंडूवर चार शब्द लिहून ठेवायचे असतील तर साधं निळं बॉलपेन घ्या. जाड मार्कर चामड्यात पसरतो आणि वर्षभरात अक्षराला पिवळी कड येते. लिहायची जागा म्हणजे दोन शिवणी सगळ्यात जवळ येतात तिथली, शिक्का नसलेली बाजू. जर्सी विकत घेताना आकड्याचा रंग बघा: समोरचा छोटा आकडा लाल, पाठीवरचा निळा. दोन्ही निळे असले की माल फुटपाथचा. आणि जुनं बेसबॉल कार्ड तिथे नेऊन ठेवू नका, दवानं पुठ्ठा फुगतो. १९८१च्या टॉप्स या कंपनीच्या ३०२ नंबरच्या कार्डावर फर्नांडो एकटा नाही, माइक सिओशा आणि जॅक पेरकॉन्टी यांच्यासोबत आहे. सिओशा पुढे त्याचा नेहमीचा कॅचर, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा जोडीदार, झाला. कार्ड घरीच राहू द्या.

घरी करण्यासारखं, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं, म्हणजे त्याचा एक सामना स्कोअरशीटवर उतरवून काढणं. पुष्कळ चाहते २३ ऑक्टोबर १९८१चा घेतात, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना. मालिकेत यँकीज २–० पुढे होते. फर्नांडोला त्या दिवशी सूर असा सापडलाच नाही: नऊ हिट, सात वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस), चार धावा, एकूण १४७ चेंडू. तरी मॅनेजर टॉमी लसोर्डानं त्याला काढलं नाही आणि डॉजर्स ५–४ जिंकले. पुढचे तीन जिंकून मालिकाही.

कागदावर नऊ ओळी आणि नऊ रकाने आखा. पेन नको, पेन्सिल. नवखे लोक हमखास जर्सीचे नंबर लिहितात आणि तिथेच गोंधळ होतो. शीटवर जागेचा नंबर लागतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग मागच्या मैदानातले तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. म्हणजे पाठीवर ३४ असला तरी कागदावर फर्नांडो १ असतो. बॅट फिरवूनही चेंडू न लागता बाद झाला तर के, नुसता बघत राहिला तर उलटा के.

आठव्या इनिंगच्या रकान्यात जरा जागा ठेवा. ऑरेलिओ रोड्रिगेझ आणि लॅरी मिलबर्न यांच्या लागोपाठ हिट, एकही बाद नाही. हा रोड्रिगेझही सोनोराचाच. पुढच्या बॅटरऐवजी बॉबी मर्सर येतो, त्याचं नाव त्याच ओळीत खालच्या अर्ध्या भागात लिहा. मर्सर बंट करायला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवायला जातो, चेंडू वर उडतो, तिसऱ्या बेसवरचा रॉन से झेपावून झेलतो आणि पहिल्या बेसकडे फेकतो. झेल झाला की धावणाऱ्याला आपल्या बेसवर परतावं लागतं; मिलबर्न परत पोचत नाही. मर्सरच्या चौकोनात एफ ५ (एफ म्हणजे झेल), मिलबर्नच्या चौकोनात ५-३, दोघांना जोडणारी एक रेघ. एका चेंडूत दोन बाद.

शेवटी ताळा करा. यँकीजचे जेवढे बॅटर येऊन गेले तेवढीच बेरीज चार धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि सत्तावीस बाद यांची यायला हवी. जुळली नाही तर चूक बहुधा त्या सात वॉकपैकी एकात असते.

राहिला झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचाच. तिथल्या नावाचा, सेम्पासुचिलचा, नावात्ल भाषेतला अर्थ ‘वीस फुलं’ असा काहीसा, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं फूल. आपण दसऱ्याला दाराला बांधतो, ते १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांच्या वाटेवर पसरतात, वासावरून घर सापडावं म्हणून. त्या मांडणीला ओफ्रेंदा म्हणतात. फोटो वरच्या पायरीवर, खाली पेलाभर पाणी, मीठ, गोड पाव, कोपालचा धूप आणि त्या माणसाला आवडणारं खाणं. फर्नांडोच्या ओफ्रेंदात हातमोजा आणि चेंडू असतो. आपल्याकडच्या पानासारखंच हे, पण सुतकी तोंडानं करायचं नसतं, गाणी-बिणी लागतात. जिवंत माणसाचा फोटो मात्र त्यात ठेवायचा नाही. टीमचा ग्रुप फोटो वापरायचा मोह होतो, तेव्हा आधी सगळे चेहरे तपासून घ्या. १९८१च्या संघातले बरेच जण अजून आहेत.